वाचती शाळा

तोंडाला बांधलेला स्कार्फ सुटला नसता तर शालू त्या सकाळी बोअरपाशी थांबलीच नसती, आणि मग पुढचं काही झालं नसतं. म्हणजे व्हायचं ते झालंच असतं, फक्त तिला कळलं नसतं. गुलमंडीच्या बाजारातून घेतलेला तो निळा सुती स्कार्फ धुऊन धुऊन गुळगुळीत झाला होता, गाठ धरत नव्हता. शाळेच्या कच्च्या रस्त्यावर समोरून खडीचा ट्रक आला, धुळीचा लोट उठला आणि नेमकी तेव्हाच गाठ सुटली. तिनं स्कूटी कडेला घेतली. गेली दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता, आणि शहर मात्र या बाजूला असं पसरत चाललं होतं की दिवाळीत पाहिलेला माळ होळीला ओळखू येत नव्हता. सात-सात मजले उभे राहत होते, नळाचे पाइप आधी आणि पाणी पुढं कधीतरी, अशा बेतानं. त्यातल्याच एका अर्ध्या इमारतीच्या कुंपणाला लागून बांधकामासाठी पाडलेला बोअर होता, आणि बोअरच्या भोवती कन्नड-सिल्लोडकडून आलेल्या वीसेक घरांची पत्र्याची वस्ती. नळाखाली कळशा, ड्रम, तेलाचे डबे ओळीनं लागलेले. गाठ मारता मारता शालूची नजर कुंपणाच्या तारेवर गेली. तारेवर कुणाचा तरी परकर वाळत होता, तो वाऱ्यानं बाजूला झाला आणि मागचा पत्र्याचा बोर्ड दिसला. वाचता येणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. नजर पडली की वाचून होतं, त्याला इलाज नाही. 'हे पाणी पिण्यास योग्य नाही.' अक्षरं मूळची लाल असावीत, ऊन खाऊन विटकरी झाली होती आणि एका कोपऱ्यावर सिमेंटचे शिंतोडे वाळले होते.

रांगेत पहिलीच सरूबाई होती. तिची मुलगी प्रेरणा शालूच्या वर्गात, तिसरीत. शालूनं विचारलं की हे पाणी कशाला भरता, आणि सरूबाईनं अगदी सहज सांगितलं की प्यायला. टँकर आठवड्यातून एकदा येतो, तो दोन दिवस पुरतो, मग हेच. कडेवर तिची दोन वर्षांची धाकटी मान टाकून पडली होती. ओठ सुकलेले, डोळे उघडे पण कशावर लागलेले नाहीत. तिला तीन दिवस जुलाब होत होते. उन्हाचं असंल, सरूबाई म्हणाली. शालूनं बोर्डाकडं हात केला.

"तिथं लिहिलंय ना सरूबाई, पाण्याबद्दल."

"व्हय की. आमच्या पेरनानंच वाचून दावलं समद्यायला. पाणी हे जीवन हाय, थेंब थेंब जपून वापरा." सरूबाईच्या चेहऱ्यावर एवढ्या सकाळीसुद्धा ते कौतुक पसरलं. "म्हून तर बाई, एक थेंब सांडू देत नाय आमी."

पाणी हे जीवन आहे, थेंब थेंब जपून वापरा. तिसरीचं पुस्तक, धडा अकरावा, पहिली दोन वाक्यं. रांगेतल्या सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या, बाई बोलतायत म्हणून. वस्तीत वाचता येणारे दोन-चार गडी असतील, पण ते तांबडं फुटायच्या आत कामाच्या नाक्यावर जात आणि दिवस बुडाल्यावर येत. शिवाय बोर्ड वाचून झालेला होता, तो परत कोण कशाला वाचतं. खरं काय ते सांगायला शालूला एका श्वासाचा अवकाश होता. त्या श्वासात तिच्या तोंडून जे आलं ते इतकं सुरळीत आलं की तिला स्वतःचंच नवल वाटलं. ती म्हणाली की बोर्ड बदललेला दिसतोय, आता लिहिलंय की हे पाणी पिऊ नका, तेव्हा पिऊ नका, आणि धाकटीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. सरूबाईनं बोर्डाकडं पाहिलं, मग शालूकडं, आणि मान हलवली. शालूनं स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला आणि स्कूटी सुरू केली. प्रेरणाची लाज राखली, असं तिनं मनाशी म्हटलं. शाळा येईपर्यंत ती तेच म्हणत राहिली, आणि दरवेळी ते वाक्य थोडं थोडं खोटं होत गेलं.

शाळेच्या भिंतीवर, फाटकातून आत शिरताना समोरच, काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र लावलं होतं. 'शंभर टक्के वाचती शाळा.' त्याला अजून महिनाही झाला नव्हता. वरून फर्मान आलं होतं की एकही मूल न वाचणारं राहता कामा नये, आणि अमुक तारखेला पडताळणी. फर्मान वाईट नव्हतं, तारीख तेवढी वाईट होती. शालूच्या वर्गात एकतीस मुलं, त्यातली तीस वाचत होती, कुणी धावत, कुणी अडखळत. एकतिसावी प्रेरणा. दिवाळीनंतर आलेली. कन्नडच्या पलीकडच्या गावातलं मेंढरांमागं फिरणारं घर, चारा-पाणी संपल्यावर मेंढरं दिराकडं ठेवून नवरा-बायको बांधकामावर आलेली. पोरीचं नाव गावच्या शाळेत दोन वर्षं होतं, पोरगी मात्र बहुतेक माळावर होती. पण कान काय कान होते तिचे. एकदा ऐकलं की कोरलं. कोणतं कोकरू कुणाचं ते ती म्हणे आवाजावरून सांगायची. पहिल्या पंधरा दिवसांत तिनं आख्खं पुस्तक म्हणून दाखवलं, बोट ओळीवर फिरवत, पूर्णविरामाला थांबत. शालू हरखून गेली होती. एवढी हुशार पोर इतकी वर्षं मेंढरांमागं, असं तिनं घरी नवऱ्यालाही सांगितलं. मग एक दिवस, नवीन पान वाचायला दिलं तेव्हा, तिच्या लक्षात आलं की प्रेरणा पुस्तकाकडं बघतच नाही. ती बघते शालूच्या तोंडाकडं. मूल वाचत असलं की आपले ओठ हलतात ही शालूची जुनी खोड, वीस वर्षांची. मुख्याध्यापक शिवशंकर सर त्यावरून तिला चिडवायचे की मॅडम, तुम्ही मुक्यानंच शिकवता. ती खोड त्या पोरीनं बरोबर हेरली होती. पुस्तक कळत नव्हतं, बाईचे ओठ कळत होते.

त्यानंतर पडताळणीला दोन महिने होते. दोन महिन्यांत शिकवता आलं असतं. शालू हे स्वतःपासून लपवू शकत नव्हती, कारण तिनं अशी कितीतरी मुलं वाचती केली होती. रोज अर्धा तास, एकेक अक्षर, मातीत गिरवून, खड्यांनी मांडून. पण त्याच दिवसांत नोंदी, फोटो, माहिती भरणं, तक्ते रंगवणं, आणि अर्धा तास काही निघाला नाही. पडताळणीच्या दिवशी आलेले साहेब खुर्चीवर बसले आणि यादीवरून नजर फिरवून त्यांनी जे नाव पुकारलं ते प्रेरणाचं. प्रेरणा पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. शालू पोरीच्या मागं उभी राहू शकली असती. ती साहेबांच्या मागं जाऊन उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी खुणावलं नव्हतं, तिचे पायच तिकडं गेले. अकरावा धडा तर पाठच होता, पण मध्ये साहेबांनी एक पान उलटून दुसरं काढून दिलं, आणि प्रेरणानं मान वर केली, आणि शालूचे ओठ हलले. खोडीनं हलले की तिनं हलवले, हे ती आजही नक्की सांगू शकली नसती. पोरीचं बोट आवाजाच्या एक ओळ मागं चाललं होतं. साहेबांना मोबाईलवर काहीतरी आलं होतं. मग टाळ्या. सरूबाईला मुद्दाम बोलावलं होतं, ती खाडा करून आलेली, दारात उकिडवी बसून पदर तोंडाला लावून ऐकत होती. तिचा नवरा सांडू तेव्हा म्हणत होता की पोरीला गावी धाडू, चुलत्याकडं मेंढरांमागं राहील, इथं काय करायचंय. टाळ्या ऐकून आल्यावर सरूबाईनं त्याला गप्प केलं. वाचती पोर मी धाडणार नाय, एवढं एकच म्हणाली, असं नंतर तिनंच शालूला सांगितलं होतं. त्या एका टाळीवर पोरगी शाळेत टिकली होती.

वर्गात आल्यावर शालूनं हजेरी घेतली. प्रेरणाचं नाव आलं तेव्हा तिनं वर पाहिलं नाही. फळ्यावर काहीतरी लिहिलं, मुलांना उतरवायला सांगितलं. खडूचा आवाज, बाहेर सिमेंट कालवायच्या यंत्राची घरघर, दहालाच तापलेला पत्रा. प्रेरणा तिसऱ्या ओळीत भिंतीशी बसली होती आणि अक्षरं उतरवत होती. ते तिला सुरेख जमायचं, पाहून पाहून, रांगोळी काढावी तसं. अक्षरं ती सुटी सुटी ओळखायची, पण त्यांचा शब्द काय झाला ते तिला ठाऊक नसायचं. घरातून निघून शालूला दोनच तास झाले होते आणि एवढ्या वेळात हे सगळं आपल्याला आधीपासून माहीत होतं हे तिला कळून चुकलं होतं. बोर्ड नवीन होता. बाकी काही नवीन नव्हतं. मग प्रेरणानं दप्तरातून बाटली काढली. थंड पेयाची रिकामी बाटली, आत पाणी, बुडाशी पांढरट साका. तिनं झाकण फिरवलं.

"ते पाणी कुठलं?" शालूचा आवाज असा आला की पहिल्या ओळीतल्या दोघी दचकल्या.

"बोअरचं, बाई."

"मी सकाळी आईला सांगितलं ना, पिऊ नका म्हणून?"

"आईनं वॉचमन मामाला इचारलं," प्रेरणा उभी राहून म्हणाली, उत्तर द्यायला राहावं तशी. "मामा म्हनले, मला वाचता येत नाय, पर बोर्ड कवाच बदलला नाय. दिवाळीपासून त्योच हाय. मंग आई म्हनली, बाई घाईत व्हत्या, त्यायला दुसरंच कायतरी दिसलं असंल. बोर्ड त्योच हाय तर पाणी बी चांगलंच हाय."

किती सरळ होतं ते. बोर्ड बदलला नाही, म्हणजे प्रेरणानं वाचलं तेच त्यावर अजून आहे. आणि प्रेरणानं वाचलं ते खोटं कसं असेल, तिच्या वाचण्याला तर साहेबांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सकाळच्या त्या सुरळीत वाक्यानं वस्तीला परत नळाखाली नेऊन बसवलं होतं. शालूनं बाटली पोरीच्या हातातून घेतली, दारापर्यंत गेली आणि पायरीवर उपडी केली. एकतीस मुलं श्वास रोखून बघत राहिली. त्या वर्षी पाणी ओतून देणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. तापलेल्या फरशीवर ते क्षणभर पसरलं आणि वाळलं, कडेला पांढरी रेघ सोडून. प्रेरणा रडली नाही. तिनं शालूकडं पाहिलं, आणि शालूच्या लक्षात आलं की ती डोळ्यांकडं नाही, ओठांकडं पाहतेय, पुढचं काय म्हणायचं ते शोधत.

असंच एकदा शालूकडंही सगळे बघत होते. ती नऊ वर्षांची, वस्तीतली पहिली शाळा शिकणारी पोर, आणि वडील सूर्यभान, ज्यांना दीडशे मेंढरांतलं एकेक तोंड ओळखू यायचं पण स्वतःचं नाव लिहिलेलं ओळखू यायचं नाही. शेजारच्या म्हाळसाबाईच्या मुलाचं पोस्टकार्ड आलं. वस्ती गोळा झाली. वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कार्डावरची अक्षरं एकात एक गुंतलेली, पुस्तकातल्यासारखी सुटी सुटी नाहीत, शालूला एक शब्द लागेना. 'मला येत नाही' हे तीन शब्दही तिला त्या हाताखालून उच्चारता आले नाहीत. तिनं मोठ्यानं वाचलं: मी खुशाल आहे, काळजी नसावी, आईला नमस्कार. म्हाळसाबाईनं ते कार्ड पदराच्या गाठीत बांधलं. तिचा मुलगा त्यानंतर गावी आला नाही. कार्डाशी त्याचा संबंध असेल किंवा नसेल; त्यात काय लिहिलं होतं हे शालूला आजतागायत माहीत नाही. वडिलांचा तो हात मात्र अजून डोक्यावर आहे, असं तिला कधीकधी भर बैठकीतसुद्धा वाटायचं, आणि मान अवघडायची.

मधल्या सुट्टीत ती शिवशंकर सरांकडं गेली आणि सगळं सांगितलं. सरांना वाईट म्हणावं तर तसंही नाही. त्यांनी बोलता बोलता फोन उचलला, दोन ठिकाणी विनवण्या केल्या आणि संध्याकाळपर्यंत वस्तीला टँकर मिळवला. धाकट्या पोरीला दवाखान्यात पोचवायला शिपायाला मोटारसायकलवर पाठवलं. मग म्हणाले की आपण बोर्डावर कवटीचं चित्र काढून टाकू, लाल, मोठं. अडाणी माणसालाही कळतं, प्रश्न मिटला. फक्त पोरीचं काही बोलू नका. खिडकीतून त्यांची नजर प्रमाणपत्राच्या काचेवर जाऊन आली. तिचं शिकवून घेऊ की सावकाश, ते म्हणाले, बोभाटा कशाला. शालू हो म्हणाली. चित्र काढणं हा खरोखरच चांगला उपाय होता, त्यात खोट काढता येत नव्हती, आणि म्हणूनच तिला भीती वाटली. कवटी निघेल. वस्ती ते पाणी सोडेल. आणि उद्या दवाखान्यातून औषधाची बाटली येईल, त्यावर कवटी नसेल, आणि सरूबाई म्हणेल, पेरना, वाच गं. आणि पेरना वाचेल.

शाळा सुटल्यावर तिनं प्रेरणाला स्कूटीवर मागं बसवलं. वाटेत पोरीनं एकदाच विचारलं, बाई, माझं काय चुकलं? शालू म्हणाली, तुझं नाही. पोरीनं पुढं काही विचारलं नाही, पण शालूच्या कमरेला धरलेले तिचे हात घट्ट झाले. बोअरपाशी टँकरची वाट बघत बायका जमल्या होत्या, भांडी ओळीनं लागली होती. वॉचमन रामकिसन बाजेवर बसून बिडी ओढत होता. सरूबाई त्यांच्यात होती. धाकटीला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, सलाईन लावलं होतं, तिच्यापाशी सांडू थांबला होता आणि ती स्वतः भांडी न्यायला आली होती. धाकटी आता डोळे उघडून बघतेय, ती म्हणाली, आणि डॉक्टर पाण्याचं विचारत होते. ते सांगताना तिनं बोर्डाकडं पाहिलं नाही. अजूनही म्हणता आलं असतं काहीतरी. चार बायकांपुढं बोलायला वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना एवढी भीती वाटावी याची तिला लाज वाटली, आणि भीती काही कमी झाली नाही.

"सरूबाई, बोर्ड बदललेला नाही. सकाळी मी खोटं बोलले. त्यावर पहिल्यापासून लिहिलंय, हे पाणी पिऊ नका म्हणून. प्रेरणाला वाचता येत नाही. तिला सगळं पाठ आहे. मी तिला वाचायला शिकवलं नाही, आणि ते मला माहीत होतं."

रामकिसननं बिडी खाली टाकली. सरूबाईनं हातातली कळशी हळूच जमिनीवर ठेवली, आवाज होऊ न देता. ती चिडेल, रडेल, पोरीला ओढून घेऊन जाईल, यातलं काहीतरी होईल म्हणून शालू उभी होती. पोरीला गावी धाडेन, हे तर आलंच पाहिजे होतं. सरूबाई बराच वेळ आपल्या मुलीकडं बघत राहिली आणि मग शालूला म्हणाली,

"मंग बाई, त्या दिशी टाळ्या कशापायी वाजवल्या?"

शालूनं कुंपणाशी जाऊन तारेवरचे कपडे एका बाजूला सारले आणि प्रेरणाला बोर्डासमोर उभं केलं. उद्यापासून रोज एक तास, ती म्हणाली, शाळेच्या आधी, इथंच, तुमच्या डोळ्यांपुढं. आणि सुरुवात आत्ता. तिला अक्षरं येतात, सगळी नसतील, पण येतात, फक्त तिनं कधी त्यांच्याकडं पाहिलेलं नाही. सरूबाईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती तिथंच उभी राहिली. प्रेरणानं बोर्डावर बोट ठेवलं आणि भराभर म्हणाली, "पाणी हे..." आणि पुढचं जीवन तिच्या जिभेवर आलेलं शालूला दिसलं. ते तिनं गिळलं. मग सवयीनं मान वळवली आणि शालूच्या तोंडाकडं पाहिलं.

शालूनं गळ्यातला स्कार्फ नाकापर्यंत ओढून घेतला आणि मागं घट्ट गाठ मारली. प्रेरणा बघत राहिली. निळ्या कापडाखेरीज तिथं काही नव्हतं. तिची नजर आईकडं गेली, बायकांवरून फिरली, सगळे गप्प. एकदा तिचा खालचा ओठ थरथरला. मग ती बोर्डाकडं वळली, अगदी जवळ गेली, आणि पहिल्यांदाच बोट आधी पुढं सरकलं आणि आवाज त्याच्या मागून आला. "हे. पा. णी. पि," ती म्हणाली. पुढं जोडाक्षर होतं, तिथं ती थांबली. टँकरचा हॉर्न रस्त्यावर वाजला तरी कुणी हललं नाही. "ण... या... ण्या. स. पिण्यास." तिला घाम सुटला होता. योग्यपाशी ती इतका वेळ अडली की सरूबाई पुटपुटली, ऱ्हाऊ द्या बाई. पोरीनं मान हलवली. "यो. ग... य. योग्य." आणि शेवटचा शब्द सोपा होता, त्यात जोडाक्षर नव्हतं, तो तिनं सगळ्यात हळू वाचला. "ना. ही."

वाचून झाल्यावर तिनं बोट बोर्डावरून काढलं नाही. आपण काय वाचलं ते तिला मागाहून कळलं, तिनं नळाकडं पाहिलं, मग आईच्या रिकाम्या कडेकडं, आणि तिथं उभ्या उभ्या रडायला लागली. सरूबाई पुढं झाली आणि तिनं पोरीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. शालूकडं तिनं पाहिलं नाही. शालू जागची हलली नाही. स्कार्फ आतून ओला झाला होता, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की एवढा सगळा वेळ, प्रत्येक अक्षराला, कापडाच्या आत तिचे ओठ हलत होते.